चाकाशिवाय मातीची भांडी : नागपुरात माती कोणती घ्यावी, वाळवावी कशी, भाजावी कशी?

ओलीमाती

नमस्कार मंडळी. चाक न घेता, नुसत्या हाताने, म्हणजे चिमटीने आणि वळ्या रचून लाल मातीची भांडी करायला शिकते आहे. घर मानेवाड्याकडे, गच्ची मोकळी आहे. हिंगण्याच्या पुढे शेत आहे, तिथे जाळ करता येतो. नेटवर जे सापडतं ते बहुतेक पाकिटातल्या तयार मातीबद्दल आणि विजेच्या भट्टीबद्दल असतं. मला इथलीच माती वापरायची आहे.

सध्या दोन माती आहेत. एक शेतातली काळी, दुसरी कुहीकडच्या एका बोडीतला (लहान तळ्यातला) पिवळसर गाळ. काळी माती हाताला लोण्यासारखी लागते, हवी तशी वळते, पण भांडं वाळतानाच तळाला तडा जातो. पिवळा गाळ बरा वाळतो, गोवऱ्यांत भाजूनही निघतो. पण आठ-दहा दिवसांनी भांड्याच्या अंगावरून टिकल्या उडतात. खड्डा पडतो आणि खड्ड्याच्या मधोमध पांढरा ठिपका असतो. कपांचे कान जोडाशी सुटतात, ते वेगळंच.

विचारायचं ते असं :
१) या दोन मातींचं काही होईल का, की दुसरी शोधू? शाडू चालेल का?
२) भिंत किती जाड ठेवावी? वळ्यांचे जोड उघडू नयेत म्हणून काय करावं?
३) आपल्याकडच्या उन्हाळ्यात वाळवायचं कसं?
४) शेतात भट्टी न बांधता नीट भाजता येईल का?

पुढे पाण्याचं भांडं आणि एखादी हंडी करायची इच्छा आहे.

कवेलू

ताई, खड्ड्याच्या मधोमध पांढरा ठिपका म्हणजे चुना. दुसरं काही नाही. आपल्या भागात हा त्रास असायचाच. नागपूर दोन प्रकारच्या खडकांच्या सीमेवर बसलंय : पश्चिमेला बेसॉल्ट, पूर्वेला ग्नाइससारखे जुने खडक, आणि मध्ये कुठेकुठे लॅमेटा नावाच्या खडकाचे चुनखडीचे थर. काळ्या मातीतही चुनखडीचे खडे असतातच. पावसाच्या पाण्याबरोबर ते वाहून बोडीत येतात आणि गाळात बसतात.

भाजताना साधारण ७५० अंशांच्या पुढे चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघू लागतो, ८५०-९०० पर्यंत खड्याचा कळीचा चुना होतो. भांडं बाहेर काढलं की तो हवेतली ओल ओढतो आणि फुगून जवळजवळ दुप्पट जागा मागतो. भिंतीत अडकलेला खडा फुगला की वरची टिकली उडणारच. पावसाळ्यात हे दोन-चार दिवसांत दिसतं, कोरड्या एप्रिलमध्ये महिनाही लागतो. म्हणून भट्टीतून चांगलं निघालं एवढ्यावर समाधान मानू नका.

आधी माती तपासा. वाळलेल्या मातीची चिमूट बशीत घेऊन वर साधं व्हिनेगर टाका. बारीक बुडबुडे सगळीकडून येत असतील तर चुना मातीत पूर्ण मिसळलेला आहे, तो फारसा त्रास देत नाही. ठरावीक खड्यांवरच फसफसत असेल तर ते खडे काढायलाच हवेत. संडास साफ करायच्या ॲसिडने खूण जास्त ठळक दिसते, पण ते उघड्या हवेत आणि हातमोजे घालूनच.

उपाय एकच खात्रीचा : माती पाण्यात विरघळवून ४० मेशच्या चाळणीतून गाळणे. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचं भोक. त्यापेक्षा बारीक चुन्याचा कण सहसा टिकली उडवत नाही. चहाची गाळणी पुरत नाही, तिच्यातून मोठे खडे निसटतात. हार्डवेअरच्या दुकानात स्टीलची जाळी मीटरवर मिळते, ती लाकडी चौकटीवर ठोकून घ्या.

भाजून झालेल्या भांड्यांसाठी वीटवाले करतात तेच करायचं. भांडं हाताला सोसवेल एवढं कोमट असतानाच पूर्ण पाण्यात बुडवून रात्रभर ठेवा. भरपूर पाणी एकदम मिळालं की चुना विरघळून मऊ पडतो, हळूहळू ओल ओढून जेवढा फुगतो तेवढा जोर करत नाही. सगळी भांडी वाचतात असं नाही, बरीच वाचतात. मात्र कडक गरम भांडं पाण्यात टाकाल तर ते त्या झटक्यानेच तडकेल.

कन्हानकाठ

चुन्याचं कवेलूभाऊंनी सांगितलं, मी मातीबद्दल लिहितो.

काळी माती एकटी भांड्यासाठी नको. तिच्यात पाणी पिऊन फुगणारी माँटमोरिलोनाइट जातीची माती असते. ओली असताना ती सुरेख वळते, पण वाळताना लांबीत १२ टक्क्यांच्याही वर आकसते. जमिनीला उन्हाळ्यात जशा भेगा पडतात त्याच भांड्याच्या तळाला पडतात. तरी ती फेकू नका. गाळात थोडी घातली तर लवचिकपणा वाढतो. कोरड्या वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत ठीक, त्यापुढे नाही.

गाळ आणतानाही जागा पाहून आणा. बोडीच्या तोंडाशी, जिथून पाणी आत येतं, तिथे रेती आणि खडे जास्त. पाळीच्या बाजूला, जिथे पाणी सर्वांत उशिरा आटतं, तिथला गाळ बारीक. वरचा वीतभर थर काढून टाका, त्यात मुळं आणि शेवाळ असतं. मामा (माजी मालगुजारी) तलावांतला गाळ उन्हाळ्यात निघतो, तेव्हा ग्रामपंचायतीला विचारून दोन-चार पोती आणता येतात. शिकायला तेवढी भरपूर झाली.

माती तयार करताना बरेच जण ओली ढेकळंच पाण्यात टाकतात आणि मग आठवडाभर काठीने ढवळत बसतात. आधी उन्हात खडखडीत वाळवा, मोगरीने सुपारीएवढी फोडा आणि मगच पाण्यात टाका. कोरडं ढेकूळ पाण्यात पडताच आपोआप फुटून विरतं. ओलसर ढेकूळ तसंच राहतं. मातीच्या दुप्पट पाणी घ्या, दोन दिवस भिजू द्या, ढवळा, गाळा. मग एक दिवस स्थिर ठेवून वरचं पाणी काढून टाका. खालचा रबडा जुन्या सुती चादरीत ओतून चारी टोकं बांधा आणि टांगून ठेवा, किंवा कोरड्या विटांवर चादर पसरून तिच्यावर ओता. हाताला चिकटायची थांबली की तिंबायला घ्या.

तिंबून झाल्यावर लगेच वापरू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून सावलीत निदान पंधरा दिवस ठेवा. पाणी कणाकणात मुरतं आणि तीच माती जास्त ताणली जाते. वास यायला लागला तर चांगलंच, माती मुरतेय.

आता दोन चाचण्या. बोटाएवढी जाड वळी करून बोटाभोवती गुंडाळा. बाहेरच्या बाजूला केसासारख्या चिरा आल्या तर चालेल, तुकडे पडले तर मातीत चिकटपणा कमी, काळी माती थोडी वाढवा. दुसरी, आकसण्याची. १५ सेंटीमीटर लांब, ४ रुंद, १ जाड अशी पट्टी करा, तिच्यावर सुरीने बरोबर १० सेंटीमीटरची रेघ ओढा. पूर्ण वाळल्यावर रेघ ९.५ ते ९.२ च्या दरम्यान आली तर माती योग्य. ९ च्या खाली आली तर भर घालायलाच हवी.

भर म्हणजे रेती किंवा सुरखी (भाजलेल्या मातीचा कूट). कन्हानची रेती चांगली, पण बांधकामाची जशीच्या तशी नको. धुऊन, वाळवून, १ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. सुरखी विटांच्या तुकड्यांची करतात, मी मात्र जुन्या कवेलूंची (छपरावरच्या कौलांची) करा म्हणेन. कवेलूंवरून कितीतरी पावसाळे गेलेले असतात. त्यांत चुना असलाच तर तो केव्हाच फुगून मोकळा झालेला असतो. नव्या विटेची सुरखी मातीत घातली तर गाळून काढलेला चुना मागच्या दाराने परत येतो.

सुरुवातीचं प्रमाण, सगळं कोरड्या वजनाने : गाळलेला गाळ ७ किलो, काळी माती अर्धा ते पाऊण किलो, सुरखी किंवा रेती २ किलो. पट्टी करून पाहा आणि मग बदला. बोडी बदलली की प्रमाण बदलतं.

शाडू मूर्तीसाठी विकतात, ती न भाजता रंगवायची असते. भाजण्यासाठी तिच्यावर पैसे घालवू नका.

थापटणं

घडवण्याबद्दल लिहिते.

शिकताना १२ ते १५ सेंटीमीटर उंचीच्या पुढे जाऊ नका. या मापाला तयार भिंत ६ ते ८ मिलिमीटर आणि तळ ८ मिलिमीटर ठेवा. जाड भांडं जास्त मजबूत होईल असं वाटतं, उलट होतं. सव्वा सेंटीमीटरच्या पुढे आतली ओल बाहेर यायला फार वेळ लागतो आणि भट्टीत तिची वाफ होऊन भांडं फुटतं. एका भांड्यात जाडी सारखी असणं तर त्याहून महत्त्वाचं. तळ १५ मिलिमीटर आणि काठ ४ मिलिमीटर असेल तर काठ आधी वाळून आकसतो, तळ ओलाच राहतो, आणि ताण पडून तडा जातो. तुमच्या तळाच्या तड्यांत मातीचा दोष आहेच, पण जाडीही मोजून पाहा. एक भांडं तारेने उभं कापून आडवी बाजू बघा. शिकण्यासाठी याहून चांगला धडा नाही.

तळ : मातीचा गोळा पाटावर आपटत, फिरवत, तळहाताने दाबत पसरवा. लाटण्याने एकाच दिशेने लाटला तर वाळताना एकीकडे ओढला जातो, म्हणून फिरवत राहा. तळ दाबणं फार महत्त्वाचं आहे. तो लाकडी पट्टीच्या कडेने मधून बाहेर आणि बाहेरून मधे दोन-तीनदा घासून घ्या. खाली वर्तमानपत्र किंवा चाळलेली राख हवीच. भांडं पाटाला चिकटलं की ते आकसतं, पाट आकसत नाही, आणि मग मधोमध तडा.

वळ्या : करंगळीएवढ्या, १ ते १.२ सेंटीमीटर जाडीच्या. ओल्या कापडावर लाटल्या तर कोरड्या पडत नाहीत. बोटांच्या टोकांनी नाही, पूर्ण तळहाताने लाटा, नाहीतर त्या चपट्या होतात. एका वेळी तीन-चार वळ्या चढवा. प्रत्येक वळी आतून अंगठ्याने खाली ओढून खालच्या वळीत मिसळा आणि बाहेरून बोटाने वर ओढा. आतली-बाहेरची दोन्ही बाजू मिटवली पाहिजे. नुसती बाहेरून गुळगुळीत केली तर जोड आत उघडा राहतो आणि भाजताना तिथूनच गोल चीर पडते. वळीची दोन टोकं जिथे जुळतात ती जागा प्रत्येक थरात सरकवा, एकावर एक येऊ देऊ नका.

तीन-चार वळ्यांनंतर थांबा. भिंत स्वतःचं वजन पेलायला लागेपर्यंत, म्हणजे थंडीत तासभर, एप्रिलमध्ये पंधरा-वीस मिनिटं. या वेळात काठावर ओलं कापड ठेवा. काठ सुकला तर पुढची वळी धरत नाही. पुन्हा सुरू करताना काठाला काट्याने ओरखडे काढा आणि त्याच मातीचा दह्याइतका दाट घोळ लावा. नुसतं पाणी लावू नका. पाण्याने वरचा थर निसरडा होतो, जोडला जात नाही.

कानाचं कारण बहुधा एकच असतं : कप सुकलेला आणि कान ताजा. दोघांची ओल सारखी हवी. कान आधी करून, कपाबरोबर एकाच पिशवीत रात्रभर ठेवा. मग दोन्हीकडे ओरखडे, घोळ, दाबून जोड, आणि जोडाच्या कोपऱ्यात भाताच्या काडीएवढी बारीक वळी भरून घ्या. जोडल्यावर पुन्हा एक दिवस पिशवीत. घोळात थोडा टिश्यू पेपरचा लगदा मिसळला तर जोड वाळताना आणखी धरून राहतो, भाजताना कागद जळून जातो.

गोल बुडाची भांडी करायची असतील तर थापटण्याला पर्याय नाही. वळ्यांचं जाडसर भांडं रचा, माती लेदर हार्ड (चामड्यासारखी घट्ट, पण अजून ओलसर) होण्याच्या थोडं आधी, म्हणजे बोटाचा ठसा उमटतो पण बोटाला माती लागत नाही तेव्हा, आतून गुळगुळीत गोटा धरा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोका. गोट्यासमोरच थापटणं बसलं पाहिजे. थापटण्यावर राख भुरभुरा, चिकटत नाही. भिंत ५ मिलिमीटरपर्यंत पातळ होते, आणि ठोकल्याने कण दाबले जाऊन वळ्यांचे जोड कायमचे मिटतात. आपले कुंभार माठाचं पोट असंच वाढवतात. चाकावर फक्त तोंड आणि जाड भिंत निघते, बाकी सगळं थापटण्याचं काम.

ओलीमाती

खूप उपयोगी. भांडं कापून पाहिलं, तळ काठाच्या जवळजवळ दुप्पट निघाला. आता वाळवण आणि भाजणी सांगा. गच्चीवर सावलीत ठेवलं तरी दुपारपर्यंत काठ पांढरा पडतो आणि बूड ओलंच असतं.

सुरखी

मार्च ते जून गच्चीचा विचारच सोडा. सावली असली तरी लू लागते. खोलीच्या कोपऱ्यात, कूलर आणि पंख्याच्या वाऱ्यापासून दूर. कूलरची हवा ओली असते म्हणून चालेल असं वाटतं, पण वारा एका बाजूने लागतो आणि त्या बाजूने भांडं ओढलं जातं.

उन्हाळ्यात पहिले दोन दिवस भांडं पूर्ण पिशवीत. तिसऱ्या दिवशी पिशवी उलटी करून घाला, आत साचलेले थेंब बाहेर जातात. काठ टणक झाला की भांडं उपडं करा म्हणजे बूड वर येईल, आणि काठाभोवती ओलसर कापड गुंडाळा. काठ आणि कान यांची घाई नेहमी रोखायची, बुडाला मोकळं सोडायचं. तार लावलेल्या जाळीवर ठेवलं तर खालूनही हवा लागते. अशा रीतीने सहा-सात दिवसांत छोटं भांडं वाळतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा सर्वांत चांगला काळ, तेव्हा एवढी राखण लागत नाही, वर्तमानपत्राने झाकलं तरी पुरतं. जुलै-ऑगस्टमध्ये उलट अडचण : रंग फिका पडतो, पण भांडं वाळत नाही. तेव्हा दोन-तीन आठवडे धरा.

वाळलंय का हे डोळ्यांनी ओळखू नका. बूड गालाला लावा. थंड लागलं तर अजून ओल आहे. वजनकाटा असेल तर त्याहून उत्तम. रोज एकाच वेळी वजन घ्या, दोन दिवस आकडा हलला नाही म्हणजे वाळलं.

तडा गेलाच तर लेदर हार्डपर्यंतच दुरुस्ती होते. त्यानंतर घोळ भरून उपयोग नाही, भट्टीत तो पुन्हा उघडतो. कोरडं भांडं फोडून पाण्यात टाका, माती परत मिळते. भाजल्यानंतर ती सोय संपली.

आवा

भाजणी. थोडं मोठं होईल.

आधी जागा. गच्चीवर किंवा काँक्रीटच्या अंगणात जाळ करू नका. स्लॅबमधली ओल तापून काँक्रीटचे तुकडे उडतात आणि स्लॅब खराब होतो. शेतात मोकळ्या मातीवर, झाड, कुटाराचा (पिकाच्या भुशाचा) ढीग आणि वाळलेलं पीक यांपासून दूर. वारा पडलेली संध्याकाळ घ्या. अंधारात भांड्यांचा रंग दिसतो आणि तोच तुमचा तापमापक. जेमतेम दिसणारा काळपट लाल म्हणजे साधारण ६०० ते ६५०, पिकल्या चेरीसारखा लाल ७५० ते ८००, नारिंगीकडे झुकला की ९००. गोवऱ्यांच्या उघड्या भाजणीत ७०० ते ८५० मिळतात. मातीच्या भांड्याला ते पुरतात. ६०० च्या खाली राहिलेलं भांडं मात्र भाजलेलं नाही. मातीच्या कणांत बांधलेलं पाणी साधारण ४५० ते ६०० या टप्प्यात निघतं, आणि ते निघाल्याशिवाय माती पाण्यात विरघळतच राहते. शंका असेल तर एक तुकडा रात्रभर पाण्यात ठेवा. कडा मऊ पडल्या तर कच्चं.

खड्डा ९० सेंटीमीटर व्यासाचा, ५० सेंटीमीटर खोल. ओल्या जमिनीत खणलात तर आदल्या दिवशी आत पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) जाळून खड्डा कोरडा करा. लहानमोठी दहा-बारा भांडी, ६० ते ८० मध्यम गोवऱ्या, दोन-तीन भारे पऱ्हाटी किंवा तुराटी (तुरीची वाळलेली झाडं), एक पोतं धानाचा कोंडा किंवा कुटार, आणि झाकायला फुटक्या माठांच्या खापऱ्या व कवेलूंचे तुकडे.

सर्वांत जास्त भांडी पहिल्या तासात फुटतात. भांडं कोरडं वाटलं तरी त्यात हवेतली ओल असतेच. १०० अंशांना तिची वाफ होते, आणि वाट सापडली नाही तर भिंतीचा तुकडा उडवते. म्हणून भांडी आधी दिवसभर कडक उन्हात ठेवा. मग खड्ड्याच्या काठाभोवती निखारे पसरून त्यांच्यापासून दीड हातावर भांडी मांडा, दर पंधरा मिनिटांनी फिरवा आणि जवळ सरकवा. दोन-तीन तास हेच करायचं. भांड्याच्या तोंडावर थंड काच धरा, तिच्यावर वाफ धरत नाही तेव्हाच भांडी आत जातील.

खड्ड्यात तळाला चार बोटं कोंडा, त्यावर गोवऱ्यांचा एक थर आडवा. त्यावर भांडी उपडी, एकमेकांना टेकली तरी चालतील. कच्ची भांडी एकमेकांना चिकटत नाहीत. मोठं खाली, लहान वर. मधल्या फटींत गोवऱ्यांचे तुकडे, बाजूने उभ्या गोवऱ्या, वर आडव्या दोन थर. त्यावर खापऱ्या आणि कवेलू, शेवटी तणस (भाताचा पेंढा) आणि ओल्या मातीचा पातळ लेप, मधे चार-पाच भोकं ठेवून. आग वरून लावा. वरून खाली हळू उतरणारी आग भांड्यांना वेळ देते. खालून लावली तर ज्वाळा थेट बुडावर येते.

पऱ्हाटी भसकन पेटते, म्हणून ती सुरुवातीला घालू नका. भांडी काळपट लाल दिसायला लागली की वरच्या भोकांतून थोडी थोडी द्या आणि चेरी लाल रंग वीस मिनिटं टिकवा.

५७३ अंशांना मातीतलं क्वार्ट्झ एकदम आकार बदलतं. चढताना फुगतं, उतरताना तेवढंच आकसतं. त्यामुळे तापमान उतरतानाही भांडं तेवढंच धोक्यात असतं. तांबडी भांडी चिमट्याने बाहेर काढायचा मोह टाळा. भोकं मातीने बुजवा आणि रात्रभर, बारा तास तरी, तसंच सोडा. उघडताना टचटच आवाज आला तर लगेच पुन्हा झाका.

निघालेलं भांडं बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं तर ठीक. भद्द आवाज म्हणजे कुठेतरी चीर आहे, डोळ्यांना दिसत नसली तरी.

रंगाबद्दल थोडं. हवा खेळती राहिली तर मातीतलं लोह लाल होतं, कोंड्याने गुदमरलं तर काळं. भांडं कोंड्यात उपडं रुतवलं तर आतून आणि काठाला काळं, बाहेरून लाल निघतं. आपल्याच भागातल्या जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा इथल्या शिळावर्तुळांत सापडलेली काळी-तांबडी भांडी अशीच दोन रंगांची आहेत, आणि त्यांच्यासोबत अभ्रक मिसळलेल्या मातीची लाल भांडीही मिळाली आहेत. लोहयुगातली ही कारागिरी बोडीच्या गाळातून आजही करून बघता येते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

शेतात जमत नसेल तर एखाद्या कुंभाराच्या आव्यात, म्हणजे भट्टीत, जागा मागा. उन्हाळ्याआधी माठांचे आणि दिवाळीआधी पणत्यांचे आवे लागतात, मोठ्या भांड्यांच्या पोकळीत तुमचे चार कप सहज मावतात. ठरवून पैसे द्या, आणि भांडी नीट वाळलेलीच न्या. तुमचं एक भांडं फुटलं तर शेजारच्या चार माठांना लागतं.

कवेलू

आवाभाऊ, सगळं मान्य, एका ठिकाणी वेगळं मत. ओलीमाती ताईंच्या गाळात चुना आहे हे माहीत असताना ९०० च्या दिशेने जाऊच नये. ७५० च्या आसपास थांबलं तर बराचसा चुना चुनखडीच राहतो, फुगत नाही.

आवा

बरोबर. पण उघड्या जाळात एकाच खड्ड्यात दोन भांड्यांमध्ये शंभर-दीडशे अंशांचा फरक असतो, नेमकं ७५० वर थांबवणं हातात नसतं. म्हणून आधी गाळणं, मग चेरी लाल न ओलांडणं, आणि शेवटी पाण्यात बुडवणं, तिन्ही करा. विजेच्या भट्टीत मात्र तुमचा मुद्दा पूर्ण लागू. तिथे २०० पर्यंत तासाला ६० अंश, ६०० पर्यंत तासाला १००, पुढे १५०, आणि चुना नसलेल्या मातीला १००० पर्यंत न्या.

ओलीमाती

पाण्याचं भांडं आणि हंडी, दोघांना हीच माती चालेल? गेरू केव्हा लावायचा? आणि गॅसवर चालेल ना?

थापटणं

माती तीच, भर वेगळी.

पाण्याचं भांडं झिरपलं पाहिजे, झिरपून बाहेर आलेलं पाणी उडतं तेव्हाच आतलं गार होतं. म्हणून मातीत चाळलेला लाकडाचा भुसा, बारीक कुटार किंवा लीद कोरड्या वजनाच्या ५ ते ८ टक्के घाला. ते जळून बारीक भोकं राहतात. भिंत ५-६ मिलिमीटर. ऑइल पेंट, वार्निश काही लावू नका, भोकं बुजतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत असं भांडं उत्तम चालतं, पावसाळ्यात नागपुरातही ते पाणी फारसं गार करणार नाही. नवं भांडं एक दिवस भरून ठेवा, ते पाणी फेका, असं दोनदा.

हंडीला उलट भुसा नको, सुरखी २५ ते ३० टक्के हवी. रेतीऐवजी सुरखीच, कारण ती एकदा भाजलेली आहे, पुन्हा तापली तरी रेतीइतकी फुगत नाही. बूड गोल, कुठेही कोपरा नाही, भिंत सगळीकडे सारखी. सपाट बुडाची हंडी बुडाच्या कोपऱ्यातच तडकते. पहिल्या वापराआधी रात्रभर पाण्यात बुडवा, मग तांदळाची दाट पेज भरून मंद आचेवर तासभर शिजवा आणि चुलीवरच थंड होऊ द्या. पिठूळ पाणी भोकांत बसून झिरपणं कमी होतं. गॅसवर लोखंडी जाळी किंवा जुना तवा खाली ठेवून, आच बारीक. रिकामी हंडी तापवायची नाही, तापलेल्या हंडीत गार पाणी ओतायचं नाही. इंडक्शनवर ती तापणारच नाही.

गेरू नुसता लावला तर हाताला सुटतो. गेरू आणि गाळलेली बारीक माती निम्मी-निम्मी, पातळ ताकाएवढं करून लेदर हार्ड भांड्यावर कापडाने दोन हात द्या. ओलसरपणा गेला की गुळगुळीत गारगोटीने किंवा स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घोटा. चकाकी येते, ९०० च्या खाली भाजलं तर टिकते. खाण्यापिण्याच्या भांड्यांवर बाजारातलं अनोळखी चकचकीत ग्लेझ लावू नका. कमी तापमानाच्या काही ग्लेझांमध्ये शिसं असतं.

आणि सुरखी कुटताना, चाळताना चांगला मास्क लावा. काम झाल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. मातीची बारीक धूळ फुप्फुसात जाते ती बाहेर येत नाही.